कुकींची देवघेव आणि घरी न्यायचा डबा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत डिसेंबर महिना उजाडला की घरोघरी नाताळसाठी कुकी भाजण्याची लगबग सुरू होते. आपण ज्यांना बिस्किटे म्हणतो त्यांनाच, थोड्याफार फरकाने, अमेरिकन लोक कुकी म्हणतात. लहानशा केकला डच भाषेत जो शब्द आहे त्यावरून हे नाव आले. सतराव्या शतकात आजच्या न्यूयॉर्कच्या परिसरात डच लोकांनी वसाहत केली होती, तिची ही एक खूण होय. पुढे जर्मन, स्कँडिनेव्हियन, इटालियन अशा निरनिराळ्या स्थलांतरितांनी आपापले प्रकार बरोबर आणले. कोणाची आल्या-दालचिनीची काळपट कुकी, कोणाची बदामाची, कोणाची नुसत्या लोण्या-साखरेची. एका घराला हे सर्व प्रकार करणे झेपण्यासारखे नव्हते. प्रत्येक प्रकाराचे पीठ वेगळे मळावे लागते, भट्टीचे तापमान वेगळे ठेवावे लागते आणि दर खेपेस एक-दोन तबकांपेक्षा अधिक माल भट्टीत मावत नाही.

या अडचणीतून जी रीत निघाली तिला कुकींची देवघेव म्हणता येईल. मैत्रिणी, शेजारणी, चर्चमधील मंडळी किंवा एका कचेरीतील सहकारी एके संध्याकाळी एका घरी जमतात. प्रत्येकीने एकाच प्रकारची कुकी, पण पुष्कळ प्रमाणात करून आणायची असते. हिशेब सोपा आहे. बारा जणी असतील तर प्रत्येकीने बारा डझन कुकी वाटण्यासाठी आणि एक डझन तेथल्या तेथे चाखण्यासाठी आणावयाच्या, म्हणजे एकूण १५६. वाटणी झाली की प्रत्येकीच्या हाती बारा प्रकारांच्या प्रत्येकी बारा, म्हणजे १४४ कुकी येतात. आणि त्या एका संध्याकाळी त्या घरातून १,७२८ कुकी निरनिराळ्या दिशांना रवाना होतात. हा आकडा अनेकांना भारी वाटतो, म्हणून डझनाऐवजी अर्ध्या डझनावर भागवण्याची पद्धतही रूढ आहे.

याच कुळातील आणखी एक प्रथा पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम भागात, विशेषतः पिट्सबर्ग शहराच्या आसपास, आणि शेजारच्या ओहायो राज्यातील यंगस्टाउन येथे दिसते. तेथे लग्नसमारंभात वधूवरांच्या मावश्या, आत्या, आज्या व शेजारणी यांनी भाजून आणलेल्या कुकींनी एक लांबलचक मेज भरून टाकतात. पाहुण्यांनी जाताना त्या बांधून न्याव्यात म्हणून मेजाच्या टोकाला लहान खोकी किंवा पिशव्या ठेवलेल्या असतात.

दोन्ही प्रथांत कामाचा खरा भार भाजण्यावर आहे असे समजले जाते व खोक्याचा विचार अगदी शेवटी होतो. परिणाम दुसऱ्या दिवशी सकाळी दिसतो. मोठ्या थाळीत बारा प्रकार कलात्मक रीतीने मांडून, वर प्लास्टिकचा पातळ पडदा ताणून व फीत बांधून घरी नेलेल्या त्या भेटीतील कुरकुरीत कुकी मऊ पडलेल्या असतात, मऊ होत्या त्या चिवट झालेल्या असतात आणि पेपरमिंटची एकच जात असली तरी बाकीच्या अकरा जातींना तिचा वास लागलेला असतो. बारा घरांत दोन-दोन दिवस झालेले श्रम आणि महागामोलाचे लोणी, बदाम, चॉकलेट एका रात्रीत निम्म्या किमतीचे होते. यात कोणाच्याही हाताचा दोष नसतो. दोष शेजाराचा असतो.

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे. पापड, चकली, पोहे यांना हवेतील दमटपणा लागून त्यांचा कुरकुरीतपणा गेला की ते सादळले असे आपण म्हणतो. कुकीचे सादळणे हेही तसेच. नीट भाजलेल्या कुरकुरीत कुकीत शंभर भागांत सामान्यतः दोन ते पाच भागच पाणी उरलेले असते. इतक्या कोरड्या अवस्थेत तिच्यातील साखर व पिष्ट काचेसारखी ताठर असतात. दाताखाली ती एकदम तडकतात आणि त्या तडकण्यालाच आपण कुरकुरीतपणा म्हणतो. थोडे पाणी आत शिरले की ही काच रबरासारखी लवचीक होते व तडकण्याऐवजी वाकते. यासाठी फार पाणी लागत नाही. दहा ग्रॅम वजनाच्या कुकीत सुमारे तीन दशांश ग्रॅम पाणी असते असे धरले तर तेवढेच आणखी, म्हणजे जेमतेम सहा थेंब, तिचा कणा मोडण्यास पुरेसे होते. याउलट ओट्स व मनुका घातलेल्या किंवा मधाच्या मऊ कुकीत त्याहून कितीतरी अधिक पाणी असते. असे बारा डझन पदार्थ एका डब्यात कोंडले की ते सहा थेंब कोठून येतात हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. पाणी नेहमी अधिक पाणी असलेल्या पदार्थाकडून कमी पाणी असलेल्या पदार्थाकडे जाते, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते बरोबर नाही. गव्हाच्या पिठात शेकडा १४ च्या आसपास पाणी असते आणि मधात शेकडा १७-१८. तरीही दोन्ही एका बंद बरणीत शेजारी उघडी ठेवली तर पाणी पिठाकडून मधाकडे जाण्याचाच संभव अधिक. कारण मधातील पाणी साखरेने घट्ट धरून ठेवलेले असते. पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती मोकळे आहे, म्हणजे बाष्परूपाने सुटून जाण्यास किती उत्सुक आहे, हे महत्त्वाचे. या उत्सुकतेच्या मापाला जलक्रियता म्हणतात. शुद्ध पाण्याची जलक्रियता १ आणि पूर्ण शुष्क पदार्थाची शून्य मानतात. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. स्कॉट यांनी १९५० नंतरच्या दशकात अन्न नासवणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या संदर्भात या कल्पनेचे महत्त्व दाखवून दिले. कुरकुरीतपणाच्या संदर्भात अमेरिकेतील ई. ई. काट्झ व टी. पी. लाबुझा यांनी १९८१ साली लाह्या, बटाट्याचे काप, खारी क्रॅकर बिस्किटे अशा पदार्थांवर प्रयोग केले. जलक्रियता सुमारे ०.३५ ते ०.५० या पट्ट्यात पोहोचली की खाणाऱ्याला हे पदार्थ सादळलेले वाटू लागतात, असे त्यांना आढळले. मऊ कुकीची जलक्रियता या पट्ट्याच्या वर असते. म्हणून पाणी मऊ कुकीकडून कुरकुरीत कुकीकडे वाहते; देणारी वाळून चिवट होते, घेणारी सादळते आणि दोघींची जलक्रियता समान होईपर्यंत हा व्यवहार थांबत नाही.

यावरून एक विचित्र वाटणारी गोष्ट निघते. 'हवाबंद डब्यात ठेवा' हा सल्ला एकाच जातीच्या कुकींसाठी अचूक आहे. मिश्र डब्यासाठी तो घातक आहे. झाकण जितके घट्ट, तितका आतील पाण्याचा व्यवहार बिनतक्रार पुरा होतो, कारण बाहेर जाण्याची वाटच नसते. उत्तर अमेरिकेतील हिवाळ्यात तर उघडी थाळी कुरकुरीत कुकींच्या दृष्टीने बंद डब्यापेक्षा बरी ठरते. बाहेरच्या गारठलेल्या हवेत बाष्प फार थोडे असते आणि तीच हवा घरात घेऊन तापवली की तिची सापेक्ष आर्द्रता आणखी उतरते. मऊ कुकी मात्र अशा हवेत रातोरात वाळतात. मुंबई, कोची किंवा चेन्नई येथे परिस्थिती याच्या अगदी उलट असते. तेथे उघड्या थाळीतील कुरकुरीत कुकी काही तासांतच हवेतून पाणी ओढून घेते. वेष्टनासंबंधीचा सल्ला एका हवामानातून दुसऱ्या हवामानात जसाच्या तसा नेता येत नाही, तो यामुळेच.

जर्मन गृहिणींनी या नियमाचा फायदा करून घेतला आहे. न्यूरेंबर्ग शहराची ख्याती असलेला लेबकूखेन हा मध व मसाल्यांचा पदार्थ पत्र्याच्या डब्यात भरून मुरवतात. तो कडक वाटला तर डब्यात सफरचंदाची एक फोड ठेवतात आणि बुरशी येऊ नये म्हणून ती अधूनमधून बदलतात. फोड पाणी सोडते, मध ते ओढून घेतो आणि पदार्थ मऊ होतो. अमेरिकेत याच कामासाठी पावाचा तुकडा वापरतात. हाच तुकडा मिश्र डब्यात ठेवला तर कुरकुरीत कुकींचा निकाल लागण्यास काहीच वेळ लागणार नाही, हे उघड आहे.

बिस्किटाचा व्यापार वाढला तो पाण्याशी चाललेल्या याच झगड्यातून. इंग्लंडमधील रेडिंग गावी जोसेफ हंटली याने १८२२ साली दुकान काढले. समोरच्या खाणावळीशी टपालगाड्या थांबत आणि त्यांतील प्रवासी बिस्किटे विकत घेत. ती वाटेत टिकावीत म्हणून पत्र्याच्या डब्यांचा उपयोग सुरू झाला. हंटलीच्या एका मुलाचा पत्र्याच्या वस्तूंचाच व्यवसाय होता, ही गोष्ट पथ्यावर पडली. हंटली अँड पामर्स या नावाने पुढे ती बिस्किटे व ते डबे जगभर पोहोचले आणि बिस्किटे संपल्यावर अनेक घरांत दोरे-बटणे ठेवण्यासाठी ते डबे कामी आले. अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत दुकानदार उघड्या पिंपातून क्रॅकर काढून कागदाच्या पुडीत बांधून देत. पिंपाच्या तळाचा माल सादळलेला आणि चुरडलेला असे. नॅशनल बिस्किट कंपनीने १८९८ मध्ये स्थापनेबरोबरच 'युनीडा' नावाचे बिस्किट बाजारात आणले. त्याची खरी नवलाई खोक्यात होती. पुठ्ठ्याच्या आत मेणकागदाचे घडी घातलेले अस्तर होते आणि जाहिरातीत पावसाळी डगला घातलेला मुलगा दाखवला होता. ग्राहकाला चवीबरोबर कोरडेपणाची हमी विकली जाते, हे या कंपनीने ओळखले होते.

पारदर्शक वेष्टनाची कथा आणखी बोधक आहे. स्विस रसायनज्ञ जाक ब्रांदेनबेर्जे याने विसाव्या शतकाच्या आरंभी सेलोफेन तयार केले. १९२४ पासून ड्यू पाँ कंपनी ते अमेरिकेत बनवू लागली. ते काचेसारखे स्वच्छ होते, त्यातून पाणी गळत नसे. पण पाण्याची वाफ मात्र आरपार जाई. त्यामुळे त्यात गुंडाळलेले खाद्यपदार्थ दिसत सुंदर आणि बिघडत लवकर. १९२७ मध्ये त्याच कंपनीतील विल्यम हेल चार्च याने सेलोफेनवर एक अतिशय पातळ लेप चढवून वाफ अडवली आणि मगच अन्नाच्या बाजारपेठेत सेलोफेनचे बस्तान बसले. आज सेलोफेनच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळ पिशव्या प्रत्यक्षात पॉलिप्रॉपिलीनच्या असतात आणि त्या वाफ बऱ्यापैकी अडवतात. साधे पॉलिथीनही वाफेला चांगला अडसर आहे. परंतु ते वासाला अडवू शकत नाही. पेपरमिंट किंवा लवंगेचा गंध त्यातून सहज झिरपतो. गंध अडवण्यासाठी पत्रा, काच किंवा ॲल्युमिनियमची फॉइलच हवी. नुसता कागद तर वाफ, वास, तूप यांपैकी कशालाच आडवा येत नाही. तो धक्का सोसण्यापुरता आणि थर वेगळे करण्यापुरताच उपयोगी.

आता देवघेवीच्या मेजाकडे परत यावयास हरकत नाही. तेथे दोन पद्धती आढळतात. एका पद्धतीत सर्व थाळ्या मेजावर मांडतात आणि पाहुण्या मेजाभोवती फिरत आपापल्या खोक्यात कुकी वेचून घेतात. हा प्रकार पाहण्यास मौजेचा असतो. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकजण आपल्या कुकींच्या डझनाडझनाच्या पुड्या घरूनच बांधून आणते व मेजावर केवळ पुड्यांची वाटणी होते. पहिलीत गप्पा अधिक रंगतात हे खरे, तथापि कुकींच्या हिताची पद्धत दुसरीच. आपली कुकी किती नाजूक आहे, तिला हवा लागू द्यायची की नाही, ती कोणाशेजारी चालेल, हे जिने ती भाजली तिच्याइतके कोणाला ठाऊक नसते. एका जातीची एक स्वतंत्र, तोंड बंद केलेली पिशवी असली की बाराही पिशव्या खुशाल एका खोक्यात जाव्यात. तेवढे जमत नसेल तर निदान कोरड्यांचा एक आणि मऊंचा एक असे दोन डबे करावेत आणि पेपरमिंटला फॉइलमध्ये एकटे टाकावे.

बांधण्यापूर्वी कुकी पूर्ण निवाव्या लागतात. कोमट कुकीतून निघणारी वाफ पिशवीच्या आत थेंबांच्या रूपाने जमते आणि मग उत्तम वेष्टनही शत्रूचे काम करते, कारण ते पाणी बाहेर जाऊ देत नाही. साखरेचा लेप दिलेल्या कुकींना तर लेप आतपर्यंत वाळण्यासाठी रात्रभर मोकळ्यावर ठेवावे लागते. वरची साय सुकली म्हणजे लेप वाळला असे नव्हे. खोके भरताना जाड व जड कुकी तळाशी, पातळ व ठिसूळ वर आणि मध्ये बटर पेपरचे थर असावेत. कुकी मोडतात त्या बहुधा खोके पडल्याने नव्हे, तर वाटेतील हादऱ्यांनी एकमेकींवर घासून. म्हणून खोक्यात पोकळी राहू न देणे हाच मोडतोडीवरचा उपाय. अमेरिकेत टपालाने कुकी पाठवताना पोकळीत मक्याच्या लाह्या भरण्याची जुनी युक्ती आहे. मलई, कस्टर्ड किंवा मऊ चीज यांचे सारण असलेले प्रकार अशा देवघेवीत आणूच नयेत. लवकर नासणारे पदार्थ शीतकपाटाबाहेर दोन तासांहून अधिक राहू नयेत असे अमेरिकेचे कृषिखाते सांगते. आणि संध्याकाळच्या गप्पा दोन तासांत आटोपल्याचे सहसा ऐकिवात नाही.

चव बिघडण्याहून गंभीर असा एक धोका मिश्र डब्यात असतो. शेंगदाणा, बदाम, अक्रोड, अंडे, दूध, तीळ यांपैकी एखाद्या पदार्थाचे वावडे असलेल्या माणसाला त्याचा कणदेखील बाधू शकतो. घसा सुजून, श्वास कोंडून काही मिनिटांत जीवावर बेतू शकते. घरी नेलेला डबा उघडणारी व्यक्ती देवघेवीला हजर असतेच असे नाही. ती बहुधा घरातील एखादे मूल असते आणि कोणती कुकी कोणी कशाची केली हे त्याला विचारता येत नाही. अमेरिकेत कारखान्यांतील मालावर आठ प्रमुख वावड्यांचा उल्लेख करण्याची सक्ती २००४ च्या कायद्याने झाली. २०२१ च्या कायद्याने तिळाची भर पडली व तो नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला. भारतातही २०२० च्या लेबलविषयक नियमांत अशा पदार्थांची नोंद आवश्यक केली आहे. मैत्रिणीने प्रेमाने दिलेल्या पुडीला यांतील कोणताच कायदा लागू नाही. म्हणून पुडीवर नाव, भाजल्याची तारीख आणि कशाकशापासून केली ते लिहिलेली चिठ्ठी हवीच. शिवाय चिठ्ठी असूनही कुकी एकत्र ठेवल्या असतील तर ती व्यर्थ आहे, कारण शेंगदाण्याच्या कुकीचा चुरा शेजारच्या कुकीला लागतोच. पुड्या वेगळ्या ठेवण्याचे सर्वांत सबळ कारण, पाण्यापेक्षाही, हे आहे.

हा प्रश्न केवळ परदेशी मेजावरचा नाही. गोव्यातील ख्रिस्ती घरांतून नाताळात नेवऱ्या, दोदोल, बेबिंक, कुलकुल, बोलिन्यास इत्यादींचे तबक, वर विणलेला रुमाल घालून, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाते. त्याला कोन्सोआदा म्हणतात. ज्या घरात त्या वर्षी मृत्यू झाला असेल तेथे गोडधोड करीत नाहीत, म्हणून तेथे ते आवर्जून पाठवतात. हिंदू शेजाऱ्यांकडेही तबक जाते आणि चतुर्थीला त्यांच्याकडून नेवऱ्या येतात. महाराष्ट्रात दिवाळीच्या फराळाची ताटे अशीच फिरतात. नारळाचे दूध व गूळ यांचा तुळतुळीत दोदोल आणि खुसखुशीत नेवरी, किंवा रव्याचा ओलसर लाडू आणि चकली, यांच्यातील व्यवहार वर सांगितलेल्या कुकींसारखाच चालतो. पूर्वी तबक शेजारीच जाई व पदार्थ त्याच दिवशी खाल्ले जात, म्हणून तो जाणवत नसे. आता फराळाचे खोके विमानाने परदेशी जाते आणि त्याला आठवडा लागतो. मिठाईच्या खोक्यांभोवती गुंडाळण्याच्या पातळ प्लास्टिकवर भारतात १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. या बंदीने पदार्थांचे मोठे नुकसान झाले असे म्हणता येणार नाही. तो पडदा बाहेरची धूळ अडवी. खोक्यातल्या खोक्यात चाललेली देवघेव त्याला अडवता येत नव्हती. मोठे झाकण असलेला स्टीलचा डबा आणि त्यात प्रत्येक जिन्नसाचा छोटा डबा, ही आपल्याकडील जुनी मांडणी या बाबतीत अधिक शहाणी आहे आणि डबे परत येण्याची तीत सोयही आहे.

राहिला प्रश्न घरी पोहोचल्यानंतरचा. पाहुणीने खोके तसेच झाकून न ठेवता त्याच रात्री सोडावे आणि जाती वेगळ्या कराव्यात. बरेचसे बाष्प पहिल्या एक-दोन दिवसांतच इकडचे तिकडे होते, त्यामुळे त्या रात्रीचा आळस महागात पडतो. सादळलेल्या साध्या कुकी १५० अंश सेल्सियसच्या भट्टीत चार-पाच मिनिटे ठेवून उघड्यावर निवू दिल्या तर बहुतांशी पूर्ववत होतात. चॉकलेटचा किंवा साखरेचा लेप असलेल्या कुकींवर हा प्रयोग करू नये. वाळून चिवट झालेल्या मऊ कुकींच्या डब्यात सफरचंदाची फोड एक रात्र ठेवावी आणि सकाळी आठवणीने काढून टाकावी.